सहा चाळीसची नोंद

माणसाचं हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं. दुसऱ्यांचे हे लाख ठोके बसून बघणं ही माझी नोकरी. हृदयाच्या इस्पितळात, तळमजल्यावर, एक्स-रेच्या मागची बिनखिडकीची खोली माझी. बावीस वर्षं झाली. वरच्या मजल्यावरचे लोक मला ‘टेपवाली’ म्हणतात, कारण पूर्वी आमच्या यंत्रात खरोखरच टेप असायची. आता नखाएवढं कार्ड असतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

ज्याच्या छातीत धडधडतं, ज्याला चक्कर येते, त्याच्या छातीवर मी सात बटणं चिकटवते, वायरी जोडते, पत्त्यांच्या जोडाएवढं यंत्र कमरेला लावते आणि एक दिवसासाठी त्याला घरी पाठवते. सोबत एक कागद देते. किती वाजता काय केलं ते त्यावर लिहायचं. दुसऱ्या दिवशी यंत्र परत आलं की पडद्यावर ठोके आणि शेजारी कागद ठेवून मी वाचत बसते. लोक त्या कागदावर काय काय लिहितात! एका गृहस्थांनी दिवसभरात चारदा ‘बायकोशी बोललो’ एवढंच लिहिलं होतं, आणि चारही वेळा ठोके एकशेतीसच्या वर गेले होते. औषध नक्की कोणाला द्यायचं, यावर आमच्या खोलीत दोन दिवस चर्चा चालली होती.

वायर हलली, बटण घासलं गेलं, की पडद्यावर वेड्यावाकड्या रेषा येतात. त्याला आम्ही कचरा म्हणतो. कचरा ओळखायचा, पुसायचा आणि उरलेलं स्वच्छ चित्र डॉक्टरांकडे पाठवायचं. सगळ्यात फसवा कचरा दात घासण्याचा. ब्रशबरोबर हात हलतो, हाताबरोबर छातीचा स्नायू हलतो, आणि पडद्यावर नेमकं तेच उमटतं ज्याने माणूस मरतो. हृदयाचे खालचे कप्पे वरच्यांचं ऐकेनासे झाले आणि आपले आपणच सुसाट धावायला लागले, की अशीच रुंद, घाईची नागमोडी दिसते. नव्या मुली ती पाहून धावत माझ्याकडे येतात. मी सांगते, आधी कागद बघ, मग घाबर. कागदावर ‘दात घासले’ असं लिहिलेलं असतं. पण तेवढ्यावर सोडायचं नसतं. पडद्यावरचं कर्कटक घेऊन अंतरं मोजायची असतात. खरा कचरा असेल तर त्याच्या आडून मूळचे ठोके आपल्या चालीने जाताना दिसतात. ते दिसले तरच पुसायचं. हे सगळ्यांना मीच शिकवते.

माझे वडील, अण्णा, बस डेपोत वेळापत्रकं तयार करायचे. सरळ नाकासमोर चालणारा माणूस. निवृत्त झाल्यावर बसगाड्या राहिल्या नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःचंच वेळापत्रक केलं. सहा चाळीसला दात, सातला चहा, सव्वासातला पेपर. आमच्या घरातलं घड्याळ बंद पडलं असतं तर अण्णांवरून लावता आलं असतं. खाडाखोड त्यांना सहन व्हायची नाही. एक आकडा चुकला तर अख्खा तक्ता नव्याने लिहायचे. वाणसामानाच्या यादीतही ‘साखर’ खोडून ‘गूळ’ केलेलं त्यांना चालायचं नाही, यादीच नवी व्हायची. आई वैतागायची आणि मी हसायचे.

या वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी जरा ओशाळतच मला सांगितलं की दोनदा छातीत पळापळ झाली. मी लगेच यंत्र लावलं. ते लावून घेताना त्यांनी प्रत्येक बटणाचं काम विचारून घेतलं आणि कागद घडी न घालता पुस्तकात ठेवून घरी नेला. दुसऱ्या दिवशी त्यांची टेप मीच वाचायला घेतली. घरच्यांची टेप घरच्याने वाचू नये असा नियम आमच्याकडे नव्हता. तशी गरज कधी कोणाला वाटली नव्हती.

सकाळी सहा बेचाळीसला ती नागमोडी होती. एक्केचाळीस सेकंद. कागदावर अण्णांच्या मोत्यासारख्या अक्षरात ‘६.४० दात घासणे’. मला हसूच आलं. अण्णा, दात घासता की भांडी, असं मी मनात म्हटलं आणि कचऱ्याचं बटण दाबलं. कर्कटक उचललंही नाही. परक्या माणसाची टेप असती तर उचललं असतं. हा माणूस सहा चाळीसला दात घासतो हे मला कागदाने सांगायला नको होतं. मी ते वर्षानुवर्षं बघत होते.

अहवाल स्वच्छ गेला. सहा महिन्यांनी या, असं डॉक्टर म्हणाले. एकोणिसाव्या दिवशी पेपर वाचता वाचता अण्णा खुर्चीतच गेले. आईला वाटलं डोळा लागला. तिने पेपर काढून घडी करून ठेवला आणि मग हाक मारली.

सगळे म्हणाले, पोरीने किती धीराने घेतलं. धीर वगैरे काही नव्हता. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल कसा होतो, हात लावला तर आहे हे कळतं आणि लागत काही नाही, तसं माझं सगळं झालं होतं. मी चौथ्या दिवशी कामावर गेले. टेपा वाचल्या. कोणी सांत्वनाला आलं तर मीच त्यांना पाणी द्यायचे. आई येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची: काही त्रास झाला नाही हो त्यांना, आमच्या लेकीने स्वतः तपासलं होतं, हृदय अगदी स्वच्छ होतं. लोक माझ्याकडे बघून मान डोलवायचे. मीही डोलवायचे.

असा सव्वा महिना गेला. एका रविवारी आई आणि मी भाजी निवडत बसलो होतो. खाली बघत, शेंगा मोडत, आई सहज बोलावं तसं बोलली.

“ते मशीन लावलं होतं ना, त्या दिवशी सकाळी त्यांनी दातच घासले नाहीत. बेसिनपाशी गेले आणि चक्कर आली म्हणून तिथल्या स्टुलावर बसले. सात वाजेपर्यंत बसून होते.”

मी विचारलं, मग कागदावर ते का लिहिलं नाही.

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, कागद मी रात्रीच भरून ठेवलाय. आता खाडाखोड केली तर बरं दिसेल का? आणि पोरगी उगाच घाबरेल. सांगू नकोस तिला.” आईने एक शेंग मोडली आणि माझ्याकडे पाहिलं. “त्याने काय होतंय म्हणा.”

त्या दिवशी मी सकाळच्या पाळीला पहाटेच घर सोडलं होतं. स्टूल, बेसिन, चक्कर, यातलं मी काहीच पाहिलेलं नव्हतं. मी आईला काही उत्तर दिलं नाही. भाजी निवडून झाली, शेंगांचे देठ मी कागदात गुंडाळून टाकले.

सोमवारी खोलीत कोणी नसताना अण्णांची टेप उघडली. पुसलेला कचरा आमच्या यंत्रात पुसला जात नाही, नुसता झाकला जातो. सहा बेचाळीस काढलं आणि कर्कटक लावलं. आडून जाणारे मूळचे ठोके नव्हते. एकही नव्हता. एक्केचाळीस सेकंद अण्णांचं हृदय दोनशेच्या गतीने, बेलगाम धावलं होतं, मग आपोआप थांबलं होतं, आणि त्यानंतरचा पहिला शहाण्यासारखा ठोका अगदी वेळेवर पडला होता. हे डॉक्टरांनी पाहिलं असतं तर त्याच संध्याकाळी अण्णांना भरती करून घेतलं असतं. त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली एक डबी बसली असती. ती डबी असा वेग दिसला की आतल्या आत झटका देते आणि माणूस उठून चहा मागतो.

हे सगळं मला एका क्षणात कळलं आणि मला काही झालं नाही. पायाखालची वाळू वगैरे सरकली नाही. मी टेप बंद केली आणि पुढची उघडली. ती एका शिक्षिकेची होती.

खरी भीती दुपारी आली, आणि ती अण्णांची नव्हती. माझा धाकटा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक आहे. गेल्या वर्षी तो एका इमारतीच्या जिन्यात बेशुद्ध पडला होता. उपाशी होता म्हणून पडला, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. ठरवणाऱ्यांत मीही होते. खालच्या कप्प्यांचा हा रोग पुष्कळदा रक्तातून येतो, बापाकडून पोराकडे. अण्णा वयाने गेले असतील तर त्या जिन्याला काही अर्थ नव्हता. अण्णा या रोगाने गेले असतील तर पुढच्या वेळी भाऊ जिन्यात नव्हे, लिफ्ट वरखाली जाते त्या बोळात पडणार होता. आणि अण्णा कशाने गेले हे जगात मला एकटीला माहीत होतं.

तरी मी बारा दिवस गप्प बसले. हे लिहायला जिवावर येतं, पण खरं आहे. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगू, आणि रोज संध्याकाळी आई कोणाला तरी फोनवर सांगत असायची की आमच्या लेकीने स्वतः तपासलं होतं. मधल्या काळात मी भावाला दोनदा म्हटलं की एकदा येऊन टेप लावून जा. तो हसला. अण्णा गेले म्हणून तू आता घरातल्या मांजरालाही वायरी लावशील, म्हणाला. मी फार जोर केला नाही. जोर केला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

बाराव्या दिवशी एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, बोळाच्या तोंडाशी काम करताना तो पडला. कमरेचा पट्टा होता म्हणून लटकून राहिला. जोडीदाराने वर ओढला तेव्हा शुद्धीवर आलेला होता आणि पाना कुठे पडला म्हणून विचारत होता. मला भावजयीचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा तो घरी सोफ्यावर पाय पसरून बसला होता, कपाळावर टेंगूळ होतं आणि जोक चालू होते. दुपारचं जेवण राहिलं गं ताई, म्हणाला. मी इस्पितळात चल म्हटलं. तो म्हणाला, उद्या दोन लिफ्ट चालू करून द्यायच्या आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. भावजय त्यांच्या मुलीला घेऊन आत गेली होती. मी दार लोटलं.

“अण्णा कशाने गेले सांगू?”

“म्हातारपणाने गेले. एकाहत्तर म्हणजे काही कमी नाही.”

“त्यांच्या टेपवर होतं. एक्केचाळीस सेकंद. मी कचरा म्हणून पुसलं.”

तो जोक करायच्या बेतात होता. तोंड तसंच अर्धवट उघडं राहिलं. मग मी सगळं सांगितलं, कागद, स्टूल, कर्कटक. त्याने मध्ये एकच प्रश्न विचारला, तुला कधी कळलं? मी म्हटलं, बारा दिवसांपूर्वी. त्याने पट्ट्याने कमरेवर उठलेला वळ चाचपला. उठून बूट घातले आणि माझ्या आधी जिना उतरला. लिफ्ट घेतली नाही.

ठोक्यांमागची वीज बघणाऱ्या डॉक्टरांना आमच्या इस्पितळात सगळे वायरमन म्हणतात, ते स्वतःही म्हणतात. मी भावाला त्यांच्या दारात बसवलं आणि आत जाऊन अण्णांच्या टेपची छापलेली पट्टी त्यांच्यासमोर ठेवली, तारखेसकट, माझ्या सहीसकट. त्यांनी खिशातलं जुनं पितळी कर्कटक काढून स्वतः मोजलं. दोनदा मोजलं.

“हे माझ्याकडे यायला हवं होतं.”

“हो.”

“भाऊ कुठे आहे?”

त्यापलीकडे ते मला कधी काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नंतर मी घडलेलं सगळं लिहून दिलं, आणि आता प्रत्येक टेपचा कचरा दुसऱ्या कोणीतरी तपासल्याशिवाय पुसला जात नाही. नव्या मुली माझा पुसलेला कचरा तपासतात. त्यांना अवघडल्यासारखं होतं, मला होत नाही.

भावाच्या साध्या ईसीजीवर बारीकशी खूण होती, शोधली तरच सापडेल अशी. तिसऱ्या दिवशी त्याला तपासणीच्या खोलीत घेतलं. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात आणि तिथे विजेचे हलके टोचे देऊन बघतात, की रोग आत असेल तर जागा होतो का. तो मुद्दाम जागा करायचा, सगळी तयारी ठेवून. मला आत घेतलं नाही, काचेमागे उभं राहू दिलं. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी पडद्यासमोर बसली होती. तिसऱ्या टोच्याला ती नागमोडी उठली. ती मला लगेच ओळखू आली, जिन्यावरून घरचं माणूस येत असलं की पावलावरून कळतं तशी. मुलीने खणखणीत आवाजात रोगाचं नाव घेतलं. कोणीही कागद मागितला नाही. वायरमननी मान हलवली, भावाचं शरीर टेबलावर एकदा उडालं, आणि रेष सरळ चालीला लागली. सात सेकंद लागले. मी सेकंद मोजत होते, दुसरं काही करत नव्हते. काचेवर माझ्या कपाळाचा डाग पडला होता, तो मी रुमालाने पुसला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या गळ्याच्या डाव्या हाडाखाली डबी बसवली. घरी सोडायच्या सकाळी मी त्याच्याजवळ बसले होते. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, महिनाभर कामावर नाही, उंचीवरचं काम पुन्हा कधीच नाही, मुलीचीही टेप लावून घ्यायची, हे मी त्याला पाठ म्हणून दाखवत होते. तो भिंतीकडे बघत होता.

“अण्णा वाचले असते का?” त्याने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ आहे. सांगता येत नाही, एवढंच नातेवाइकांना सांगायचं असतं. बावीस वर्षांत मी ते किती जणांना दिलं असेल कोण जाणे.

“हो,” मी म्हटलं.

त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग म्हणाला, आईला सांगू नकोस, तिला हे कशाला. मी बरं म्हटलं. सांगायचं नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं, हेही खरं आहे.

त्याला त्याच्या घरी पोहोचवून मी दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या घरी आले. आई अण्णांच्या खुर्चीत नाही, तिच्यासमोरच्या पलंगाच्या कडेवर बसली होती. डबी कशी बसली, जेवला का, टाके किती, सगळं तिने विचारून घेतलं. मग विचारलं की डॉक्टर म्हणतात हे अण्णांकडून आलं, ते खरं का. मी हो म्हटलं. मी चहा ठेवायला उठले तेव्हा तिने माझा पदर धरून मला खाली बसवलं.

“मग त्यांना त्या सकाळी आली ती चक्कर याचीच.”

मी अण्णांच्या खुर्चीकडे बघितलं.

“मी तुला तेव्हाच फोन करायला हवा होता. त्यांनी नको म्हटलं आणि मी ऐकलं. मागे भाजी निवडताना मी तुला मुद्दाम सांगितलं ते. म्हटलं, तू म्हणशील, आई, एका चकरेने काय होतंय. तू काहीच बोलली नाहीस. उठून गेलीस. तेव्हा मला कळलं.”

“काय कळलं?”

“माझ्यामुळे गेले ते.” ती हे अगदी सपाट आवाजात म्हणाली. “तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही माझ्या.”

मला हे माहीत नव्हतं. आम्ही एकाच खोलीत झोपतो. दोघींच्या पलंगांमध्ये हातभर अंतर आहे, आणि ती रोज जागी आहे हे मला दिसलं नव्हतं. लोकांना ती सांगायची की लेकीने स्वतः तपासलं होतं, ते मी माझ्यावरचा आरोप म्हणून ऐकत होते. ती माझी पाठराखण करत होती. तपासणाऱ्या लेकीची चूक नव्हती, न सांगणारीची होती, असं ती दारात आलेल्या प्रत्येकाला सांगत होती, आणि मी मान डोलवत होते.

भावाला दिलेला शब्द मी मोडला.

“आई, यंत्राने ते धरलं होतं. तू फोन केला नाहीस तरी. सगळं टेपवर होतं. मी पाहिलं आणि कचरा समजून पुसलं.”

“म्हणजे मी न सांगताही ते तुला दिसलं होतं.”

“हो.”

“आणि भाजी निवडताना मी सांगितलं तेव्हा?”

“तेव्हा कळलं मला. म्हणून गप्प बसले.”

आईने माझा पदर सोडला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी रडेन असं तिला वाटलं असावं, मलाही वाटलं होतं. रडू आलं नाही. तिने मला जवळ घेतलं नाही, आणि घ्यावं असं मला वाटत होतं, फार वाटत होतं. अण्णा गेल्यापासूनच्या दोन महिन्यांत मला असं काही हवंसं वाटल्याची ती पहिली वेळ.

“मग मला आज झोप लागेल बहुतेक,” ती म्हणाली.

ती उठली, चष्मा काढून फडताळावर ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी दारात उभी राहिले. पाच-सात मिनिटांत तिचा श्वास जड झाला. त्या भाजीच्या रविवारपासून तिचा घोरण्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

स्वयंपाकघरात मी स्टुलावर बसले होते तेव्हा भावाचा फोन आला. टाक्याला जरा ठणका लागलाय, गोळी आता घेऊ का, असं विचारत होता. मी घे म्हटलं. मग तो म्हणाला, आईला दे जरा.

“झोपली आहे.”

“आत्ता? चार वाजता?” तो थांबला. “सांगितलंस तू तिला.”

“हो.”

त्याच्या बाजूला मुलीचा आवाज येत होता, टीव्ही लागलेला होता.

“आणि तू काय करतेयस?”

“बसलेय,” मी म्हटलं. “हळू बोल, ती उठेल.”